डोईजड

४ मे १९४५. सकाळचे साडेअकरा वाजलेले. ओकिनावा आणि तैवान यांच्या मधल्या समुद्रात ‘फॉर्मिडेबल’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर एक जपानी झीरो विमान बॉम्बसकट येऊन कोसळलं. आगीचा डोंब उसळला, काळ्या धुराने जहाज झाकून गेलं. डेकवर उभी असलेली दहा अ‍ॅव्हेंजर आणि एक कोर्सेअर विमान जळालं, ८ माणसं गेली, ४७ जखमी झाली. धूर विरल्यावर पाहिलं तर डेकला दोन फूट लांब-रुंद भोक पडलं होतं आणि त्याच्या भोवती २४ फूट लांब, २० फूट रुंद असा खोलगट पोचा. एखाद्या ऐसपैस दिवाणखान्याएवढा. पोलादाचा एक तुकडा मजल्यामागून मजला भेदत थेट बॉयलरच्या खोलीत उतरल्यामुळे जहाजाचा वेग मंदावला होता.

खलाशांनी काय करावं? भोकावर पोलादी पत्रा ठोकला, खळग्यात लवकर सुकणारं सिमेंट ओतलं, वर झाडलोट केली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला विमानं त्याच डेकवर उतरत होती.

आठवड्याभरात, ११ मे रोजी, अमेरिकेच्या ‘बंकर हिल’ या विमानवाहू जहाजावर दोन कामिकाझे (आत्मघाती जपानी विमानं) आदळले. तिथे जवळपास चारशे माणसं मेली आणि जहाज दुरुस्तीसाठी मायदेशी गेलं ते युद्ध संपेपर्यंत परतलं नाही. ब्रिटिश ताफ्यावर नेमलेल्या एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या तोंडी एक शेरा घातला जातो. त्याचा भावार्थ असा, की आमच्या जहाजावर कामिकाझे पडला तर सहा महिने दुरुस्ती, ब्रिटिशांच्या जहाजावर पडला तर फक्त झाडूवाल्यांना हाक मारायची.

गोष्ट इथे थांबवली तर ब्रिटिश बांधणी सरस ठरते, आणि पुष्कळ पुस्तकांत ती इथेच थांबते. मला ती पुढे न्यायची आहे. कारण झाडूने साफ झालेलं हे जहाज आठ वर्षांनी भंगारात निघालं. तेव्हा त्याला नौदलात येऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं, १९३६ सालात. ‘आर्क रॉयल’ हे मोठं विमानवाहू जहाज तेव्हा बर्कनहेडच्या गोदीत तयार होत होतं. २२,००० टन, एकावर एक दोन हँगर, साठेक विमानांची सोय. त्याच धर्तीवर पुढची जहाजं बांधणं सोपं होतं. पण नौदलाच्या बांधकाम खात्याची सूत्रं अ‍ॅडमिरल रेजिनाल्ड हेंडरसन यांच्याकडे होती. हेंडरसन स्वतः विमानवाहू जहाजांवर कप्तानी केलेले. त्यांना एक प्रश्न छळत होता. शत्रूची विमानं येताहेत हे कळणार कधी? रडार अजून जहाजांवर आलं नव्हतं. डेकवरच्या माणसाला डोळ्यांनी विमान दिसलं, की ते पाच-सात मिनिटांत डोक्यावर. तेवढ्या वेळात लढाऊ विमानं वर चढून त्यांना गाठणार कशी? आणि ब्रिटनला लढायचं होतं ते भूमध्य समुद्रात आणि उत्तर समुद्रात, म्हणजे शत्रूच्या जमिनीवरच्या विमानतळांच्या ऐन टप्प्यात.

हेंडरसननी काढलेलं उत्तर सरळ होतं. हल्ला आला की आपली विमानं खाली हँगरमध्ये न्यायची, दारं लावायची आणि तोफांनी लढायचं. म्हणजे हँगर ही तिजोरी हवी. वरचा डेक तीन इंच जाडीच्या चिलखती पोलादाचा, बाजूच्या भिंती साडेचार इंचांच्या, पुढच्या-मागच्या टोकांनाही चिलखत. पाचशे पौंडांचा बॉम्ब पडला तरी आतल्या विमानाला ओरखडा येता कामा नये. वर साडेचार इंची सोळा तोफा. या कल्पनेतून ‘इलस्ट्रियस’, ‘व्हिक्टोरियस’ आणि ‘फॉर्मिडेबल’ ही तीन भावंडं जन्माला आली. मग थोडी बदललेली ‘इंडॉमिटेबल’, आणि शेवटी ‘इम्प्लॅकेबल’ व ‘इनडिफॅटिगेबल’. एकूण सहा. एवढं चिलखत ब्रिटिश कारखान्यांना झेपेना, म्हणून काही पोलाद चेकोस्लोव्हाकियातल्या विटकोविसच्या कारखान्याकडून मागवावं लागलं. हेंडरसन मे १९३९ मध्ये वारले. त्यांचं पहिलं जहाज नौदलात दाखल झालं ते पुढच्या वर्षी.

आता इथे पोलादाशी नाही, वजनाशी गाठ आहे. आणि वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व. एसटीच्या पोटात दहा पोती ठेवली तर गाडी बिनतक्रार चालते. तीच दहा पोती टपावर चढवा, आणि घाटातल्या पहिल्या वळणावर प्रवासी देवाचं नाव घेऊ लागतात. तीन इंची पोलादाचा डेक म्हणजे टपावरची पोती. जहाजाच्या सर्वांत उंच जागी, पाण्यापासून जवळजवळ चाळीस फुटांवर, शेकडो टन. डोईजड हा शब्द मराठीत माणसांसाठी वापरून गुळगुळीत झाला आहे. इथे तो अक्षरशः लागू पडतो. जहाज कलंडू द्यायचं नसेल तर ते वजन खाली आणायचं, म्हणजेच डेक बुटका करायचा. वरून १९३६ च्या लंडन तहाने एका विमानवाहू जहाजाला २३,००० टनांची मर्यादा घातलेली. तेव्हा दोन हँगरांतला एक गेला. ‘आर्क रॉयल’पेक्षा हजार टनांनी जड असलेल्या ‘इलस्ट्रियस’मध्ये विमानं मावत होती ३६. विमानांचं पेट्रोलही अर्ध्यावर आलं, सुमारे पन्नास हजार गॅलन.

पेट्रोलाच्या बाबतीत ब्रिटिश फार भित्रे होते, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या टाक्या जहाजाच्या सांगाड्यापासून वेगळ्या, गोल नळकांड्यांच्या, भोवती समुद्राचं पाणी. जागा भरपूर खाणारी पद्धत, पण वाफ जहाजात शिरत नसे. ही काळजी न घेतल्यास काय होतं ते मार्च १९४३ मध्ये क्लाइडच्या खाडीत दिसलं. अमेरिकेत बांधलेलं ‘डॅशर’ हे छोटं विमानवाहू जहाज शत्रू जवळपास नसताना स्फोटाने फुटून काही मिनिटांत बुडालं. ३७९ माणसं गेली. ब्रिटिशांनी अमेरिकन टाक्यांना दोष दिला, अमेरिकनांनी ब्रिटिश हाताळणीला.

तिजोरीची पहिली खरी परीक्षा १० जानेवारी १९४१ ला झाली. दोनच महिन्यांपूर्वी ‘इलस्ट्रियस’वरून उडालेल्या एकवीस स्वोर्डफिश विमानांनी तारांतोच्या बंदरात इटलीच्या तीन मोठ्या युद्धनौका जायबंदी केल्या होत्या. तारा आणि कापडाची दोन पंखी जुनाट विमानं, आणि हे काम. जर्मनांनी त्या जहाजावर दात धरला होता. माल्टाच्या पश्चिमेला दुपारी आधी दोन इटालियन विमानं पाण्यालगत आली. ‘इलस्ट्रियस’ची लढाऊ फुल्मार विमानं त्यांच्या मागे खाली झेपावली, आणि आकाश मोकळं झालं. रडार एव्हाना जहाजावर बसलेलं होतं, मोठा घोळका येतोय हे पडद्यावर दिसतही होतं. पण खाली आलेली विमानं पुन्हा वर चढायला वेळ लागतो. स्टुका विमानं सूर मारून एकामागून एक आली. दहा मिनिटांत सहा बॉम्ब लागले.

इथे दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे बॉम्ब पाचशे पौंडांचे नव्हते, पाचशे किलोंचे होते. दुपटीहून जड. एकाने चिलखती डेक भेदला. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी. विमानं वर-खाली नेणाऱ्या लिफ्टला चिलखत नव्हतंच. असणार कसं, ती हलायला हवी. तिजोरी पोलादाची आणि झाकण पत्र्याचं. मागच्या लिफ्टवर बॉम्ब पडले आणि स्फोट थेट हँगरमध्ये शिरला. उघड्या हँगरमध्ये स्फोटाचा दाब बाजूंनी निसटला असता. इथे चारही बाजूंनी बंद. तो दाब हँगरची लांबी कापत गेला आणि दुसऱ्या टोकाची लिफ्ट त्याने कमानीसारखी वाकवली. आग पसरू नये म्हणून सोडलेले पोलादी पडदे फाटले आणि त्यांचेच तुकडे माणसांना लागले. १२६ माणसं मेली. सुकाणू निकामी झालं. कॅप्टन डेनिस बॉइड यांनी इंजिनांचा वेग कमी-जास्त करत जहाज वळवलं आणि रात्री कसंबसं माल्टाला पोचवलं.

पण जहाज बुडालं नाही. माल्टाच्या बंदरात तेरा दिवस त्याच्यावर पुन्हा बॉम्ब पडले, तरीही २३ जानेवारीच्या रात्री ते निसटलं आणि अलेक्झांड्रिया, सुएझमार्गे थेट अमेरिकेच्या नॉरफोकला दुरुस्तीला गेलं. त्या दिवशी त्याच्या जागी ‘आर्क रॉयल’ असतं तर ते वाचलं नसतं, असं मानणारे बरेच आहेत. मीही त्यांच्यातच आहे. मात्र डेकवर एक फुल्मार तुकडी जास्त असती आणि ती वर उडती राहिली असती, तर किती बॉम्ब लागले असते? याचं उत्तर चिलखताच्या जाडीत नाही.

आणखी एक हिशोब पाहण्यासारखा आहे. युद्धात ब्रिटनची पाच मोठी विमानवाहू जहाजं बुडाली. ‘करेजस’, ‘आर्क रॉयल’ आणि ‘ईगल’ पाणबुड्यांच्या पाणतीरांनी. ‘ग्लोरियस’ जर्मन युद्धनौकांच्या तोफांनी. वरून पडलेल्या बॉम्बनी बुडालं ते एकटं जुनं ‘हर्मिस’, ९ एप्रिल १९४२ ला श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ, आणि तेव्हा त्याच्यावर स्वतःचं एकही विमान नव्हतं. ‘आर्क रॉयल’ तर एकाच पाणतीराने गेलं. पाणी वाढत गेलं, बॉयलरचा धूर जाण्याची वाट बंद झाली, वाफ संपली, वाफेवरची वीज गेली, वीज गेल्यावर पंप थांबले. डिझेलचा एखादा जनरेटर असता तर जिब्राल्टर काही मैलांवर होतं. म्हणजे माथा जपण्यात सगळी बुद्धी खर्ची पडली, आणि घाव बहुतेक वेळा पोटात बसले. चिलखती सहापैकी एकही बुडालं नाही हेही तेवढंच खरं, आणि ते नाकारून चालणार नाही.

विमानांची कथा वेगळीच, आणि थोडी खेदाची. १९१८ पासून नौदलाची विमानं हवाई दलाच्या ताब्यात होती. ती १९३९ मध्ये परत मिळाली. सवत्या संसारात जे होतं ते झालं. जहाजं नव्या विचारांची आणि त्यांवरची विमानं मागच्या पिढीची. घाईघाईने जमिनीवरची हरिकेन आणि स्पिटफायर विमानं समुद्रावर आणली. पण या सी हरिकेनचे पंख मिटत नसत आणि ‘व्हिक्टोरियस’ची लिफ्ट फक्त २२ फूट रुंद. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाला रसद नेताना ही विमानं तिजोरीत शिरूच शकली नाहीत, डेकवर उघड्यावर उभी राहिली. सीफायर म्हणजे स्पिटफायरचीच समुद्री बहीण. हवेत देखणी, पण तिचे पाय डेकवर आदळण्यासाठी घडवलेलेच नव्हते. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोला शत्रूपेक्षा डेकनेच जास्त सीफायर मोडली.

मग अमेरिकन विमानं आली आणि छताची उंची आड आली. बुटकं जहाज म्हणजे बुटका हँगर. ‘इलस्ट्रियस’चा सोळा फूट. कोर्सेअर विमान पंख डोक्यावर उभे मिटतं. मिटल्यावर ते सोळा फुटांत बसेना. तेव्हा ब्रिटिशांनी प्रत्येक पंखाचं टोक आठ-आठ इंच छाटलं. कपाट दारातून जाईना म्हणून त्याचे पाय कापावे तसं. गंमत म्हणजे छाटलेलं विमान उतरताना कमी तरंगत असे, त्यामुळे वैमानिकांना ते सोयीचंच पडलं. ‘इम्प्लॅकेबल’ आणि ‘इनडिफॅटिगेबल’मध्ये मात्र हीही युक्ती चालली नाही. तिथे विमानांची संख्या वाढवायला दोन हँगर परत आणले होते, आणि वजनाच्या हिशोबात दोन्हींची उंची चौदाच फूट ठेवली होती. कोर्सेअर त्या दोघांच्या नशिबात नव्हतं.

विमानांची संख्या वाढवण्याचा दुसरा मार्ग ब्रिटिश अमेरिकनांकडून शिकले. सगळी विमानं खाली कोंबायची हा हट्ट सोडायचा, निम्मी डेकवरच उभी करायची. ३६ ची ५० च्या वर गेली. पण यात एक विसंगती आहे, ती कुणी फारशी बोलून दाखवत नाही. जी विमानं वाचवायला चिलखत घातलं, तीच आता चिलखताच्या वर उभी होती. ‘फॉर्मिडेबल’वर जळालेली अकरा विमानं डेकवरचीच. आणि चौदा दिवसांनी त्याच जहाजाच्या हँगरमध्ये दुरुस्ती चालू असताना एका कोर्सेअरच्या भरलेल्या बंदुका चुकून सुटल्या, समोरचं अ‍ॅव्हेंजर पेटलं आणि बंद तिजोरीत सुमारे तीस विमानं जळून वा भिजून बाद झाली. या जहाजावर ४ मे रोजी आणि त्यानंतर पुन्हा आदळलेल्या अशा दोन कामिकाझेंनी मिळून जितकं केलं नाही तितकं नुकसान एका बेसावध क्षणाने केलं.

ओकिनावाच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याच्या चार जहाजांवर मिळून सुमारे २२० विमानं होती. अमेरिकेच्या एसेक्स वर्गाच्या एकेका जहाजावर नव्वद. ब्रिटिश दोन दिवस हल्ले करत आणि मग दोन-तीन दिवस मागे जाऊन तेल भरत. लहान टाक्या आता नडत होत्या. त्यातून उष्ण कटिबंध. उत्तर अटलांटिकच्या थंडीसाठी बांधलेल्या बंद पेटीत वारा खेळणार कुठून? पोलादी डेक दिवसभर तापे, आणि खाली झोपणाऱ्यांची रात्र भट्टीत जाई.

अमेरिकन जहाजाची मांडणीच निराळी. तिथे हँगरची जमीन हा जहाजाचा कणा. तिच्यावर खांब उभे करून लाकडी उड्डाण डेक घातलेला, बाजू मोकळ्या. लग्नाचा मांडवच म्हणा. ब्रिटिश जहाजात वरचा चिलखती डेक, हँगरच्या भिंती आणि खालचा सांगाडा एकजीव. तो स्लॅबचा बंगला. मांडवावर फांदी पडली तर कापड फाटतं, बांबू मोडतात, खाली बसलेल्यांना लागतंही. पण दुसऱ्या दिवशी नवा मांडव घालता येतो. स्लॅबवर धोंडा पडला तर घरातली माणसं वाचतात. पण स्लॅब एकदा वाकला की त्याच्याबरोबर भिंती वाकतात, पाया हलतो, आणि असं घर सरळ करण्यापेक्षा पाडणं स्वस्त पडतं.

युद्धानंतर नेमकं हेच झालं. जेट विमानं आली; जड, लांब, उंच. हँगरची उंची वाढवायची तर चिलखती डेकच उचलायला हवा. ‘व्हिक्टोरियस’वर तो प्रयोग झाला. १९५० मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत जहाज हँगरच्या जमिनीपर्यंत सोलून काढलं. बरंचसं नवं काम चढवून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, की बॉयलर फार काळ टिकणार नाहीत. मग पुन्हा फोडाफोडी. जहाज बाहेर पडायला १९५८ उजाडलं आणि खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला. बाकीच्या पाचांसाठी कुणी पुन्हा तो उद्योग केला नाही. १९५६ अखेर ती पाचही भंगारात गेलेली होती. एसेक्स वर्गातली ‘लेक्सिंग्टन’ मात्र नवे मांडव घालत १९९१ पर्यंत चालली.

तरी ब्रिटिशांनी जहाजांचा एक वर्ग असाही काढला होता, ज्याच्याबद्दल फारसं कुणी अभिमानाने बोलत नाही. १९४२ मध्ये तातडीने बरीच विमानवाहू जहाजं हवी होती आणि युद्धनौका बांधणाऱ्या गोद्या भरलेल्या होत्या. तेव्हा व्यापारी जहाजांच्या नियमांनी, साध्या गोद्यांना जमेल असा हलका आराखडा केला. चिलखत नाही, मोठ्या तोफा नाहीत, वेग २५ नॉट. एकच हँगर, पण साडेसतरा फूट उंच, कारण टपावर पोती नव्हती. युद्धापुरतं, फार तर तीनेक वर्षं टिकलं तरी पुरे, असा हिशोब.

त्यातलं ‘हर्क्युलीस’ १९४३ मध्ये टाइन नदीकाठी बांधायला घेतलं, १९४५ मध्ये पाण्यात सोडलं आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवटच बाजूला ठेवलं. १९५७ मध्ये ते भारताने घेतलं. बेलफास्टच्या ज्या हार्लंड अँड वुल्फ गोदीने ‘फॉर्मिडेबल’ बांधलं होतं, तिथेच ते पुरं झालं. तिरका डेक आणि वाफेवर चालणारा कॅटापल्ट बसला, उकाड्यासाठी वातानुकूलन आलं. ४ मार्च १९६१ रोजी त्याचं नाव ‘विक्रांत’ झालं. १९७१ च्या युद्धावेळी त्याच्या एका बॉयलरला तडे गेले होते, पूर्ण वेग घेता येत नव्हता. तशाच अवस्थेत त्याच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले.

तीन वर्षांच्या बोलीवर बांधलेलं हे जहाज ३१ जानेवारी १९९७ ला मुंबईत निवृत्त झालं. नंतर काही वर्षं ते संग्रहालय होतं. ज्यांनी मुलांना घेऊन त्याचा हँगर पाहिला असेल त्यांना ती उंची आठवत असेल. २०१४ मध्ये मुंबईच्याच दारूखाना भागात ते तोडायला घेतलं, आणि दोन वर्षांनी पुण्याच्या बजाज कंपनीने त्याचं पोलाद वापरून ‘व्ही’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली.